रक्तावरून किरणोत्सर्गाची मात्रा कशी काढावी: पहिल्या तासापासून गुणसूत्रांच्या अहवालापर्यंत

किरणोत्सर्गाच्या अपघातात सापडणाऱ्या माणसाच्या छातीवर मात्रा मोजणारा बॅज सहसा नसतोच. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगाराच्या दुकानांत काही माणसे आजारी पडली, तेव्हा आपण काय हाताळले याची त्यांना कल्पनाही नव्हती. दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने गॅमा विकिरण यंत्र त्या बाजारात मोडले गेले होते आणि त्यातले कोबाल्ट-६० उघडे पडले होते. त्या प्रकरणात एकाचा जीव गेला. ब्राझीलमधील गोइआनिया शहरात १९८७ साली ओस पडलेल्या किरणोपचार केंद्रातून सीझियम-१३७ ची कुपी चोरीला गेली, ती भंगारात फोडली गेली आणि चार जण दगावले. अशा प्रसंगी कोणाला किती मात्रा लागली हे सांगू शकणारी एकच वस्तू रुग्णासोबत दवाखान्यात येते, ती म्हणजे त्याचे रक्त.

हा लेख जिल्हा रुग्णालयातील वा औद्योगिक वसाहतीजवळच्या दवाखान्यातील डॉक्टर, पॅथॉलॉजी लॅबचे तंत्रज्ञ आणि कारखान्यांतील सुरक्षा अधिकारी यांच्यासाठी आहे. पाइपलाइन आणि बॉयलरचे वेल्डिंग तपासण्यासाठी इरिडियम-१९२ चे स्रोत आपल्याकडे रोज इकडून तिकडे नेले जातात. त्यामुळे असा रुग्ण अणुभट्टीच्या आसपासच येईल असे समजण्याचे कारण नाही. यातील निम्मे काम तालुक्याच्या लॅबमध्ये होण्यासारखे आहे. उरलेले निम्मे, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, मोजक्याच प्रयोगशाळांत होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यासाठी मुंबईतील तुर्भ्याचे (ट्रॉम्बे) भाभा अणुसंशोधन केंद्र आहे.

आधी माणूस, मग मात्रा

रक्तस्राव, श्वासाचा अडथळा, हाड मोडणे, भाजणे यांवरचे उपचार मात्रेच्या हिशेबासाठी कधीही थांबवू नयेत. बाहेरून गॅमा किरण लागलेला माणूस स्वतः किरण सोडत नाही, त्यामुळे त्याला हात लावायला घाबरण्याचे कारण नाही. अंगावर किरणोत्सर्गी धूळ बसली असेल तर कपडे काळजीपूर्वक उतरवून पिशवीत बंद करावेत आणि अंग साबणपाण्याने धुवावे. सुई जिथे टोचायची ती जागा आधी धुवून मापकाने तपासावी, नाहीतर त्वचेवरची धूळ नमुन्यात उतरते. धूळ श्वासातून किंवा तोंडावाटे शरीरात गेली असेल, तर तिचा हिशेब लघवी, शौच आणि संपूर्ण शरीराच्या मोजणीतून काढावा लागतो. पुढे सांगितलेल्या रक्तचाचण्या मुख्यतः बाहेरून लागलेल्या मात्रेसाठी आहेत.

पहिली पायरी: घड्याळ

सुई हातात घेण्याआधी पेन हातात घ्यावे. किरण लागण्याची वेळ, संपर्क किती वेळ होता, स्रोत किती अंतरावर आणि शरीराच्या कोणत्या बाजूला होता, पहिली उलटी केव्हा झाली, हे सगळे केसपेपरवर तास-मिनिटांसह उतरवावे. वेळ लिहिलेली नसेल तर पुढचा रक्ताचा एकही आकडा मात्रेच्या कामाचा राहत नाही, आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

उलटीच्या वेळेवरून ढोबळ अंदाज येतो. किरण लागल्यानंतर दोन तासांनी किंवा त्याहून उशिरा उलटी झाली, तर मात्रा बहुधा १ ते २ ग्रे असते. एक ते दोन तासांत झाली तर २ ते ४ ग्रे. तासाच्या आत झाली तर ४ ग्रेच्या वर. एक किलो ऊतीने एक जूल ऊर्जा शोषली की ती १ ग्रे मात्रा. हा अंदाज एकट्याने विश्वासार्ह नाही. भीतीने, उन्हाने, डोक्याला मार लागल्यानेही उलटी होते, आणि एकाला झाली की शेजारच्या चौघांना मळमळू लागते.

दुसरी पायरी: सीबीसी, पुन्हा सीबीसी, आणि पुन्हा सीबीसी

किरणांना सर्वांत आधी बळी पडणाऱ्या पेशींत लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी येतात. मात्रा जितकी मोठी, तितकी रक्तातील त्यांची संख्या वेगाने उतरते, आणि या उतरणीच्या वेगावरून मात्रेचा अंदाज बांधता येतो. म्हणून जांभळ्या झाकणाच्या नळीत पहिला नमुना शक्य तितक्या लवकर घ्यावा आणि पुढचे ४८ तास दर चार ते सहा तासांनी सीबीसी (रक्तपेशींची संपूर्ण मोजणी) व डिफरन्शियल काउंट (पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी) करावा. सर्व नमुने एकाच यंत्रावर चालवावेत, म्हणजे दोन यंत्रांमधला फरक उतरण म्हणून वाचला जाणार नाही. स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची वेळ आलीच, तर पहिला नमुना त्याच्या आधी घ्यावा, कारण स्टेरॉइडनेही लिम्फोसाइट कमी होतात. मोठी जखम, भाजणे आणि काही विषाणूजन्य आजार यांतही तसेच होते, म्हणून या गोष्टींची नोंद अहवालाशेजारीच असावी.

आता एक सापळा जवळून पाहू. खालील आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत. रुग्ण दाखल होताच केलेल्या सीबीसीत एकूण पांढऱ्या पेशी ८,४०० आणि लिम्फोसाइट २४ टक्के, म्हणजे प्रत्यक्ष लिम्फोसाइट ८,४०० × ०.२४ = २,०१६. सहा तासांनी एकूण पेशी ११,२०० आणि लिम्फोसाइट १५ टक्के, म्हणजे १,६८०. बारा तासांनी १०,८०० पैकी १३ टक्के, म्हणजे १,४०४. चोवीस तासांनी ९,७०० पैकी १० टक्के, म्हणजे ९७०. अठ्ठेचाळीस तासांनी ७,८०० पैकी ६ टक्के, म्हणजे ४६८. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी फक्त एकूण पेशींची ओळ पाहिली, तर त्यांना पांढऱ्या पेशी आधी थोड्या वाढलेल्या आणि मग पूर्ववत झालेल्या दिसतील, आणि ते “थोडा ताण असेल” असे लिहून मोकळे होतील. किरणांनंतर सुरुवातीला न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी तात्पुरत्या वाढतात आणि तीच वाढ एकूण आकड्याला सावरून धरते. लिम्फोसाइटची ओळ मात्र चोवीस तासांत निम्म्याखाली आली आहे. म्हणून टक्केवारीवर किंवा एकूण आकड्यावर थांबू नये. गुणाकार करून प्रत्यक्ष लिम्फोसाइट संख्या काढावी आणि ती वेळेसमोर आलेखाच्या कागदावर मांडावी. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर याच काळात चढते, तेही सोबत लिहिले तर संशय लवकर पक्का होतो.

पहिल्या ४८ तासांतील सर्वांत कमी संख्या आणि मात्रा यांचा ढोबळ मेळ असा आहे. संख्या दर मायक्रोलिटरला १,००० ते १,५०० पर्यंत उतरली तर सुमारे १ ते २ ग्रे. ५०० ते १,००० असेल तर २ ते ४ ग्रे. १०० ते ५०० असेल तर ४ ते ८ ग्रे. शंभराच्या खाली गेली तर ८ ग्रेच्या वर. वरच्या उदाहरणातील रुग्ण तिसऱ्या गटात बसतो, आणि उपचार न मिळाल्यास या गटातील माणूस वाचण्याची शक्यता कमी असते. मात्र अनेकांची निरोगी अवस्थेतील संख्याही हजार-बाराशेच्या आसपास असते. म्हणून एका सुट्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. उतार पाहावा, आणि रुग्णाचा जुना सीबीसी घरी असेल तर नातेवाइकांकडून मागवून घ्यावा.

मात्रा २ ग्रेच्या वर असल्याचा संशय बळावला, की अस्थिमज्जेला चालना देणारी फिलग्रास्टिमसारखी औषधे लवकरात लवकर, शक्यतो पहिल्या चोवीस तासांत, सुरू करण्याचा निर्णय घ्यावा लागतो. त्यासाठी गुणसूत्रांच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. औषध सुरू झाले की न्यूट्रोफिलचे आकडे मात्रेच्या हिशेबातून बाद होतात, म्हणून त्याचीही वेळ लिहावी. मोठ्या मात्रेचा संशय असल्यास ऊतीजुळणीच्या तपासणीसाठीचा नमुनाही पहिल्याच दिवशी काढून ठेवावा. पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार करायची वेळ आली, तर तेव्हा तपासण्याजोग्या लिम्फोसाइट उरलेल्याच नसतात.

रुग्ण घटनेनंतर आठ-दहा दिवसांनी, अंगावर न बरा होणारा भाजल्यासारखा व्रण आणि गळणारे केस घेऊन आला, तर ही पायरी जवळजवळ निरुपयोगी ठरते. उतरण तेव्हा होऊन गेलेली असते आणि तळाच्या आकड्यावरून वेग कळत नाही. अशा रुग्णात प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल यांची घसरण पाहत राहावे आणि थेट पुढच्या पायरीकडे वळावे.

तिसरी पायरी: हिरव्या झाकणाची नळी

गुणसूत्रांच्या तपासणीसाठी रक्तपेशी जिवंत पोहोचाव्या लागतात, कारण प्रयोगशाळेत त्यांना विभाजित व्हायला लावायचे असते. त्यासाठी लिथियम हेपारिनची, हिरव्या झाकणाची नळी वापरावी. जांभळ्या नळीतील ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन कॅल्शियम बांधून ठेवते आणि पेशी नीट वाढत नाहीत. हा बारकावा लहान वाटतो, पण चुकीच्या नळीत पाठवलेला नमुना वाया गेला, तर पुन्हा रक्त घेईपर्यंत रुग्णाच्या लिम्फोसाइट आणखी उतरलेल्या असतात.

प्रौढ व्यक्तीचे सुमारे १० मिलिलिटर रक्त घ्यावे आणि नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटीपालटी करावी, जोराने हलवू नये. किरण शरीराच्या एकाच भागावर पडले असण्याची शक्यता असेल, तर साधारण एक दिवस थांबून नमुना घेणे चांगले, कारण तेवढ्या वेळात किरण लागलेल्या आणि न लागलेल्या लिम्फोसाइट रक्ताभिसरणात नीट मिसळतात. मात्रा फार मोठी वाटत असेल आणि पेशी झपाट्याने संपत असतील, तर मात्र थांबू नये. रक्त चढवायचे असेल तर नमुना त्याच्या आधी घ्यावा.

नळीवर नाव, रुग्णालयाचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहावी. सोबतच्या कागदावर वय, लिंग, धूम्रपान, पूर्वी झालेले किरणोपचार किंवा केमोथेरपी, मागच्या काही वर्षांतील सीटी स्कॅन, नुकतेच झालेले आजार आणि अपघाताचे वर्णन असावे. यातील प्रत्येक गोष्ट मोजणीचा अर्थ बदलू शकते. किरणोपचार घेतलेल्या माणसाच्या रक्तात जुन्या खुणा आधीपासून असतात.

नमुना पाठवताना तीन आवरणे करावीत: नळी, तिच्याभोवती शोषक कागदासह न गळणारा डबा, आणि बाहेर कडक खोका. तापमान सुमारे २० अंश राखावे. बर्फाला नळी टेकवू नये, कारण गोठलेल्या रक्तातील पेशी मरतात, आणि मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्याहून निघालेल्या गाडीच्या डिकीत उघडी ठेवली तरीही मरतात. थर्मोकोलच्या खोक्यात आधी २० अंशांवर आणलेले जेल पॅक ठेवावेत. विमानाने पाठवायचे असेल, तर क्ष-किरण यंत्रातून नेऊ नये असे ठळक लिहून ठेवावे आणि विमानतळावर आधी कळवावे. नमुन्याला वाटेत आणखी मात्रा लागली का, हे तपासता यावे म्हणून खोक्यात मात्रा मोजणारा एक टीएलडी बॅज ठेवण्याची पद्धत आहे. नमुना २४ तासांत, फार तर ४८ तासांत पोहोचावा, आणि निघण्यापूर्वी प्रयोगशाळेला फोन गेलेला असावा. शुक्रवारी संध्याकाळी न कळवता पाठवलेला खोका सोमवारपर्यंत टेबलावर पडून राहण्याचीच शक्यता अधिक.

चौथी पायरी: प्रयोगशाळेत काय चालते

हे काम आपल्याला करायचे नसले तरी समजून घ्यावे, म्हणजे अहवाल तासाभरात का येत नाही हे नातेवाइकांना सांगता येते. रक्तातील लिम्फोसाइट एरवी निवांत असतात. त्यांना विभाजनाला चालना देणारे फायटोहिमॅग्लुटिनिन देऊन ३७ अंशांवर सुमारे ४८ तास वाढवतात. शेवटी कोल्सेमिड घालून विभाजन मधल्या टप्प्यावर अडवतात, पेशी पातळ क्षाराच्या द्रावणात फुगवतात, मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करतात आणि काचपट्टीवर थेंब टाकून गिम्सा रंग देतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीची ४६ गुणसूत्रे सांडलेल्या काड्यांसारखी दिसतात. प्रत्येक काडीला एकच चिमटलेली कंबर असते. किरणांनी दोन गुणसूत्रे तुटून चुकीची जोडली गेली असतील, तर दोन कंबरा असलेली एक लांब काडी दिसते, आणि शेजारी कंबरच नसलेला एक तुकडा पडलेला असतो. हेच द्विकेंद्री गुणसूत्र, म्हणजे डायसेंट्रिक. किरण न लागलेल्या माणसात ते हजार पेशींत एखादेच सापडते, म्हणून ही चाचणी या क्षेत्रात सर्वांत विश्वासार्ह मानली जाते.

मोजणीवरून मात्रा काढण्यासाठी प्रत्येक प्रयोगशाळा निरोगी रक्ताला ठरावीक मात्रा देऊन स्वतःचा आलेख आधीच तयार ठेवते. गॅमा किरणांसाठी त्याचे सूत्र साधारण असे असते: दर पेशीमागे डायसेंट्रिक = ०.००१ + ०.०३ × मात्रा + ०.०६ × मात्रेचा वर्ग. गुणक प्रयोगशाळेनुसार बदलतात. इथले ढोबळ आहेत. त्यानुसार १ ग्रेला शंभर पेशींत सुमारे ९, तर २ ग्रेला सुमारे ३० डायसेंट्रिक अपेक्षित असतात.

मात्रा ५-६ ग्रेच्या पुढे गेली की विभाजनापर्यंत पोहोचणाऱ्या पेशीच कमी पडतात. जपानमधील तोकाइमुरा येथे ३० सप्टेंबर १९९९ रोजी युरेनियमच्या द्रावणात अनियंत्रित साखळी प्रक्रिया झाली आणि तीन कामगार सापडले. तेव्हा पेशींचे विभाजन होण्याची वाट न पाहता गुणसूत्रे वेळेआधीच आकसवून मोजण्याची पद्धत वापरावी लागली. न्यूट्रॉनमुळे त्यांच्या रक्तातील सोडियमच किरणोत्सर्गी झाले होते आणि त्या सोडियम-२४ वरूनही मात्रा काढली गेली. तिघांपैकी दोघे पुढे वारले.

पाचवी पायरी: अहवाल वाचणे

घाईच्या वेळी प्रयोगशाळा प्रथम ५० पेशी मोजून तात्पुरता आकडा देते. समजा ५० पेशींत ४ डायसेंट्रिक आढळले. वरच्या सूत्राने मात्रा ०.९ ग्रे येते, पण एवढ्या छोट्या मोजणीतील अनिश्चितता धरली, तर खरी मात्रा ०.४ ते १.६ ग्रे यांमध्ये कुठेही असू शकते. पुढे ५०० पेशी मोजून त्यांत ४० आढळले, तर मधला आकडा तोच राहतो, मर्यादा मात्र ०.७५ ते १.१ पर्यंत आवळतात. म्हणून अहवालातील मधल्या आकड्यापेक्षा त्याच्या दोन्ही टोकांकडे आधी पाहावे. आणि ५० पेशींत एकही डायसेंट्रिक नाही, याचा अर्थ मात्रा शून्य असा होत नाही, जवळपास ०.९ ग्रेपर्यंतची मात्रा अशा निकालाच्या आड लपू शकते.

दुसरी अडचण शरीराच्या काही भागावरच पडलेल्या किरणांची. पेरूमधील यानांगो येथे १९९९ साली एका वेल्डरने जमिनीवर पडलेला इरिडियम-१९२ चा स्रोत उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला. पुढे त्याचा पाय कापावा लागला. अशा माणसाच्या मांडीला शेकडो पटींनी अधिक मात्रा लागते, आणि रक्त मात्र सगळ्या शरीराची सरासरी सांगते. बऱ्याच पेशी निर्दोष आणि थोड्या पेशींत तीन-तीन डायसेंट्रिक असे चित्र दिसले, तर जाणकार तंत्रज्ञ ते ओळखतो आणि शरीराचा किती भाग सापडला याचाही अंदाज देतो. पण त्या मांडीचे पुढे काय होणार हे रक्त सांगत नाही. लालसरपणा, फोड आणि त्यांच्या तारखा रोज पाहून, शक्यतो छायाचित्रांसह, नोंदवाव्या लागतात. सीबीसी चांगला आला म्हणून हाताची बोटे लाल झालेल्या रेडिओग्राफरला घरी सोडणे ही गंभीर चूक आहे.

मात्रा एकदम न लागता दिवसांवर किंवा आठवड्यांवर पसरून लागली असेल, तर तेवढ्याच मात्रेला डायसेंट्रिक कमी दिसतात, कारण पेशींना दुरुस्तीला वेळ मिळतो. संपर्काचा कालावधी कळवला नाही, तर प्रयोगशाळा मात्रा कमी सांगेल.

गर्दी असेल तेव्हा

गोइआनियात सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी एका स्टेडियममध्ये मापकांनी झाली, त्यांपैकी २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात किरणोत्सर्गी पदार्थ आढळला, आणि गुणसूत्रांसाठी १२९ जणांचे रक्त तपासले गेले. त्यांपैकी २१ जणांची मात्रा १ ग्रेच्या वर निघाली. लाखाच्या गर्दीतून शे-सव्वाशे रक्तनमुन्यांपर्यंत येण्याचे हे गाळणे नीट झाले नाही, तर घाबरलेल्या निरोगी लोकांच्या नळ्यांखाली खऱ्या रुग्णांच्या नळ्या दबून जातात. प्रश्न विचारून आणि मापक फिरवून आधी गट पाडावेत. ज्यांना उलटी झाली आहे, ज्यांची त्वचा लाल आहे किंवा जे स्रोताजवळ होते, त्यांचाच सीबीसी करावा. त्यांतून ज्यांचे लिम्फोसाइट उतरताना दिसतात किंवा ज्यांच्या हकिगतीवरून मोठ्या मात्रेचा संशय येतो, त्यांचीच हिरवी नळी पुढे पाठवावी. गरोदर स्त्रियांना या क्रमात वर घ्यावे.

अपघात नसतानाही

याच चाचणीचा एक शांत उपयोग आहे, आणि रोजच्या कामात तोच अधिक भेटतो. एखाद्या क्ष-किरण तंत्रज्ञाच्या तिमाही टीएलडी बॅजवर अर्धा ग्रे असा भलताच आकडा येतो. तो म्हणतो, मला काहीच झालेले नाही. व्यवस्थापन म्हणते, बॅज खोटे बोलत नाही. अशा वेळी त्याचे रक्त तपासतात. अर्धा ग्रे खरोखर एकदम लागला असता, तर ५०० पेशींत पंधराएक डायसेंट्रिक दिसायला हवेत. तीन महिन्यांत थोडा थोडा लागला असता, तरी सात-आठ. नमुना लवकर घेतला पाहिजे, कारण डायसेंट्रिक असलेल्या पेशी काळाबरोबर रक्तातून कमी होत जातात आणि वर्षा-दोन वर्षांनी केलेली मोजणी कमीच भरते. नमुना वेळेत गेला आणि ५०० पेशींत एकही डायसेंट्रिक आढळले नाही, तर किरण माणसाला नव्हे, बॅजला लागले असे म्हणता येते. मग क्ष-किरण खोलीतल्या कोणत्या खुंटीवर तो ॲप्रन बॅजसकट टांगलेला असायचा, एवढेच शोधायचे उरते.